नंबर

परभणीत माझं चष्म्याचं दुकान आहे, जिन्याखाली,
दोन खुर्च्या आणि एक आरसा.
दिवसभर मी लोकांना विचारतो : नंबर किती?
फायनान्सवाल्यानं मला तेच विचारलं तेव्हा
मी म्हणालो पाचशे एकाहत्तर,
खालच्या आवाजात,
जसं लग्न ठरलेली पोरगी सांगते
तिच्या काचेची जाडी.

कसा झाला, ते फार लांबलचक नाही.
दुकान बंद होतं त्या वर्षी तीन चेक परत आले,
आणि मेव्हण्याच्या फ्रिजला मी जामीन होतो.
फ्रिज अजून चालतो.
मेव्हणा बोलत नाही.

त्या नंबरावर मिळाली ती बावीस टक्क्यांनी,
आठ वर्षं वापरलेली वॅगन आर,
मागच्या डाव्या काचेला हँडल नाही.
पहिली गाडी!
सत्यशीलानं हळद-कुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं,
लिंबू फुटलं, आणि आम्ही चौकापर्यंत जाऊन परत आलो.
तेवढंच पेट्रोल होतं.

मग मानवत, सेलू, पाथरी.
शाळेच्या व्हरांड्यात शिबिरं,
मागं फ्रेमांचे डबे, पुढं डोळे तपासायचं यंत्र
बेल्ट लावून बसवलेलं, पोरासारखं.
मे महिन्यात एसीवाचून डब्यातच फ्रेमा वाकायच्या.
जिंतूरला एका म्हातारीला तसलीच गेली,
ती म्हणाली, असू दे बाबा, माझं नाकबी वाकडंच हाय.

हप्ता पाच तारखेला.
मी चारलाच पैसे टाकून ठेवायचो
आणि रात्री दोनदा उठून बघायचो,
गॅस बंद केलाय का बघतात तसं.
सहाशे चार. सहाशे एकोणतीस.
मध्येच सहाशे अकरा, का ते कुणालाच सांगता येईना.
मग सहाशे अठ्ठ्याऐंशी,
आणि त्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून
वसमत रोडच्या शोरूममध्ये गेलो.

पोरगा गोड होता. त्यानं थंड पाणी दिलं.
तुमच्या गाडीचे येतात एक लाख दहा,
कर्ज राहिलंय एक बावन्न,
वरचे बेचाळीस नव्या कर्जात घालू, सर,
कळणारसुद्धा नाही.

मला कळतं ना.
जुन्या काचेवर नवी काच चिकटवून
नंबर जात नसतो, हे मी वीस वर्षं
लोकांना सांगत आलोय, उधारीवर.

तरी बँकेत गेलोच.
कुलथे साहेब पडद्याकडे डोळे बारीक करून बघत होते,
चष्मा एका कानावरून घसरलेला.
माझा हात आपोआप खिशात गेला.
पिनेएवढा स्क्रूड्रायव्हर, दोन पिळे,
नाकाजवळची पट्टी जरा आत,
काच रुमालानं पुसली.
घाला आता.
वा, ते म्हणाले, स्वच्छ दिसतंय हो!
मग?
सहाशे अठ्ठ्याऐंशीच आहे.

सातशेला बारा कमी.
हप्ते भरत राहा, म्हणाले, आणि दारोदार अर्ज करू नका,
प्रत्येक बँकेनं विचारलं की थोडा उतरतो.
असला कसला नंबर,
नुसता विचारला तरी उतरणारा.
चष्म्याचे पैसे देऊ लागले. मी घेतले नाहीत,
आणि जिना उतरताना वाटलं, घ्यायला हवे होते.

गाडी उन्हात उभी होती, स्टेअरिंगला हात लागेना.
भंगारवाल्याकडे एकशे चाळीसला हँडल मिळालं,
रंग वेगळा, पण खाचेत बसलं.
उद्या सोनपेठला शिबिर.
डब्यांवर ओलं पोतं टाकायचं ठरवलंय,
सत्यशीलाची आयडिया.

मागच्या सीटवर बसून मी ते फिरवलं.
अडीच वर्षांत पहिल्यांदा ती काच खाली आली,
कुरकुरत,
आणि अर्ध्यावर अडकली.
तेवढ्या फटीतून समोरच्या दुकानाची पाटी
मी मोठ्यानं वाचली,
वरची मोठी ओळ, मग खालची बारीक,
पेशंटला वाचायला लावतो तशी.